दूध उतू गेलं, हे इंग्रजीत कसं सांगायचं? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं घरातल्या इंग्रजीबद्दलच आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. मुलाखतीचं इंग्रजी, ऑफिसचं इंग्रजी शिकवणारे क्लास आता गल्लोगल्ली झालेत, पण केर काढला, कुकर लावला, टाकी भरून वाहतीय हे कसं बोलायचं ते कुणी शिकवत नाही, आणि माणसाला रोज लागतं ते हेच. सगळ्यांना एक आधीच सांगते, घरकामाच्या इंग्रजीत अवघड शब्द जवळपास नाहीतच. गेट, हॅव, मेक, डू, पुट, टर्न असली बारकी बारकी क्रियापदं आहेत आणि कुठलं कशाबरोबर बसतं एवढंच तोंडात बसवायचंय. म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, जोडी पाठ करा.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझी मुलगी इंग्लिश मीडियमला दुसरीत आहे. तिला वर्गात 'माय डेली रूटीन' यावर बोलायचंय. माझी शाळा मराठी, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळं शब्द कळतात पण वाक्य करायला गेलं की गाडी अडते. सकाळी उठल्यापासून शाळेत जाईपर्यंतचं सांगा की.
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या आया खूप आहेत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधी शिकलेल्या सगळ्यांचं असंच झालंय, त्यात कमीपणा काहीच नाही.

सुरुवात उठण्यापासूनच करू कारण तिथंच गोंधळ होतो. 'वेक अप' म्हणजे जाग येणं आणि 'गेट अप' म्हणजे अंथरुणातनं उठणं. जाग साडेपाचला आली आणि लोळत लोळत सहाला उठली तर 'आय वेक अप ॲट हाफ पास्ट फाइव्ह ॲण्ड गेट अप ॲट सिक्स'. आता यात 'आय ॲम गेटिंग अप' असं म्हणायचं नाही, बरीच मुलं हेच बोलतात. इथं तुमचं मराठीच कामाला येतं बघा. 'मी रोज सहाला उठते' आणि 'थांब, उठतेय' यात आपण फरक करतोच की, तोच फरक इंग्रजीत आहे. रोजचं असेल तर 'आय गेट अप', आत्ता चाललेलं असेल तर 'आय ॲम गेटिंग अप'. आणि आपल्या कोल्हापुरात पोरीसुद्धा मी जातो, मी येतो म्हणतात आणि बाहेरगावचे लोक त्यावरनं टोकतात, इंग्रजीत तो प्रश्नच येत नाही, 'आय गेट अप' मुलालाही तेच आणि मुलीलाही तेच. फक्त दुसऱ्याबद्दल सांगताना शेवटी स लागतो, 'शी गेट्स अप', 'माय मदर मेक्स टी'. हा स मुलं हमखास खातात, तेवढा बोलताना ऐकत जा.

दुसरी गोष्ट, मराठीत आपण नुसतं 'दात घासते' म्हणतो, 'माझे दात घासते' म्हटलं तर कसंतरीच वाटतं. इंग्रजीत मात्र कुणाचे ते सांगावंच लागतं. 'आय ब्रश माय टीथ', 'आय वॉश माय फेस'. एकच दात घासत नाही म्हणून टूथ नाही, टीथ. केसांचं उलटं आहे, केस कितीही असले तरी 'हेअर'च, 'हेअर्स' नाही. केस विंचरणं म्हणजे 'कोम', स्पेलिंगमधला शेवटचा बी बोलायचा नाही. वेणी घालण्याला ब्रिटिश लोक 'प्लॅट' म्हणतात, स्पेलिंग बघून 'प्लेट' म्हणावंसं वाटेल पण उच्चार प्लॅटच.

आंघोळीला 'हॅव अ बाथ'. अमेरिकेत 'टेक अ बाथ' म्हणतात, तेही बरोबरच. चूक होते ती मधला 'अ' गाळण्यात, 'आय टेक बाथ' असं म्हणू नये. शॉवरखाली असेल तर 'हॅव अ शॉवर'. नाष्ट्यालाही हॅवच, 'आय हॅव ब्रेकफास्ट', पण इथं 'अ' नाही. याचं कारण शोधत बसू नका, तिला तसंच तोंडपाठ होऊ दे. डबा भरणं म्हणजे 'पॅक', आपल्याकडं 'टिफिन' सगळ्यांना कळतं, परदेशात 'लंच बॉक्स' म्हणावं लागतं.

आता तिला असं बोलायला द्या : 'आय गेट अप ॲट सिक्स. आय ब्रश माय टीथ ॲण्ड हॅव अ बाथ. आय पुट ऑन माय युनिफॉर्म. माय मदर प्लॅट्स माय हेअर ॲण्ड पॅक्स माय टिफिन. आय हॅव पोहे अँड मिल्क. माय फादर ड्रॉप्स मी ॲट स्कूल.' दुसरीच्या मुलीला एवढं बास झालं. कागदावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा सकाळी वेणी घालताना वेणीचं वाक्य, डबा भरताना डब्याचं वाक्य असं तुम्हीच मोठ्यानं म्हणत जा, आठवड्यात ती तुमच्या आधी म्हणायला लागेल.

प्रश्न : दूध उतू गेलं याला इंग्रजीत काय म्हणायचं? आणि साय, विरजण हे सगळं?
— नवी सून, मंगळवार पेठ

उत्तर : 'द मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर'. सायीला दोन शब्द आहेत. दूध तापवून ठेवल्यावर वर जो पातळ पापुद्रा धरतो त्याला 'स्किन' म्हणतात आणि आपल्या म्हशीच्या दुधावर येते तशी जाड साय म्हणजे 'क्रीम'. साय काढून घेण्याला 'स्किम', पिशवीवर 'स्किम्ड मिल्क' लिहिलेलं असतं ते याच्यातनंच आलंय, साय काढलेलं दूध. विरजण लावलं म्हणजे 'आय हॅव सेट द कर्ड', हे भारतात चालतं, पण इंग्लंड-अमेरिकेत दह्याला 'योगर्ट' म्हणतात, तिकडं 'कर्ड' म्हटलं की चीज करताना दूध फाटून जो घट्ट भाग निघतो तो डोळ्यासमोर येतो. ताक घुसळणं म्हणजे 'चर्न'.

प्रश्न : मी कागलवरनं रोज कोल्हापूरला कॉलेजला येतो. हॉस्टेलवर दिल्लीचा एक मित्र झालाय, त्याच्याशी इंग्रजीत बोलतो. मी 'ओपन द लाइट', 'क्लोज द फॅन' म्हणालो की तो हसतो. आणि वेअर आणि पुट ऑन यात नेमकं काय आहे, मला दोन्ही घालणेच वाटतंय.
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, कागल

उत्तर : दार, खिडकी, डबा, कपाट, पुस्तक यांना ओपन-क्लोज. विजेवर चालणारं काहीही असेल तर 'टर्न ऑन, टर्न ऑफ' नाहीतर 'स्विच ऑन, स्विच ऑफ'. गॅसला आणि नळाला मात्र 'टर्न'च म्हणायचं, 'टर्न ऑफ द टॅप', कारण त्याला बटण नाही, फिरवायचं असतं. आवाज कमी-जास्त करायला 'टर्न डाउन, टर्न अप', पंख्यालाही हेच चालतं. आणि मोटर लावून विसरलास आणि टाकी भरून वाहायला लागली तर 'द टँक इज ओव्हरफ्लोइंग'. पाणी भरताना 'फिल द वॉटर' असं म्हणू नकोस. इंग्रजीत पाणी भरत नाहीत, भांडं भरतात, 'फिल द बकेट', 'फिल द बॅरल'.

'पुट ऑन' म्हणजे घालायची क्रिया आणि 'वेअर' म्हणजे घातलेलं असणं. 'पुट ऑन युवर हेल्मेट' म्हणजे आत्ता डोक्यात घाल, 'आय ऑलवेज वेअर अ हेल्मेट' म्हणजे मी नेहमी घालतो. सकाळी तू दोन मिनिटांत शर्ट पुट ऑन करतोस आणि दिवसभर वेअर करतोस. मराठीत आपण शर्ट घालतो, लुगडं-साडी नेसतो, धोतरही नेसतो, पागोटं बांधतो, चष्मा लावतो, टिकली लावतो, फेटा तर बांधतोच, प्रत्येकाला वेगळं क्रियापद आणि एवढी श्रीमंती इंग्रजीत नाही, तिथं या सगळ्याला 'पुट ऑन' चालतं, अगदी क्रीम आणि काजळालासुद्धा. काढायला 'टेक ऑफ'. आणि सगळं आवरून कपडे करून तयार होणं म्हणजे 'गेट ड्रेस्ड'.

आणखी एक, रात्री दहाला झोपलो याला 'आय स्लेप्ट ॲट टेन' म्हणू नकोस. अंथरुणावर पडलास ते 'आय वेंट टू बेड ॲट टेन' आणि मोबाईल बघत बघत साडेअकराला डोळा लागला ते 'आय फेल अस्लीप ॲट हाफ पास्ट इलेव्हन'.

प्रश्न : मॅडम, मी चार घरी स्वयंपाकाला जाते. एका घरात नवीन मॅडम आल्यात, त्यांना मराठी येत नाही, हिंदी पण थोडंच, त्या इंग्रजीत बोलतात. मला थोडं थोडं कळतंय पण बोलायला येत नाही. काल त्यांना सांगायचं होतं भाजीत चटणी कमी टाकलीय, तर त्यांना वाटलं मी ताटात चटणी वाढली नाही. माझी मुलगी हे पत्र लिहून देतीय.
— एक ताई, कसबा बावडा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचून दाखवलं सगळ्यांना, इतकं मला आवडलं. तुमच्या मुलीलाच हे उत्तर मोठ्यानं वाचायला सांगा आणि तिच्याबरोबर तुम्ही म्हणत जा.

पहिलं चटणीचं. आपण कोल्हापूरकर भाजीत टाकायच्या कांदा-लसणाच्या लाल तिखटाला चटणी म्हणतो, पण बाकी जगाला चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती. त्यांची यात काही चूक नाही आणि तुमचीही नाही. त्यांना 'चिली मसाला' म्हणा. 'आय पुट लेस चिली मसाला', एवढं त्यांना नक्की कळेल. आणि भाजी तिखट आहे म्हणताना 'हॉट' म्हणू नका, हॉटचा अर्थ गरम पण होतो, 'स्पायसी' म्हणा. 'नॉट टू स्पायसी' म्हणजे फार तिखट नाही.

रोज लागणारी वाक्यं आधी घ्या. 'हाउ मेनी पीपल टुडे?' म्हणजे आज जेवायला किती माणसं. 'चपाती ऑर भाकरी?' हे तर विचारताच तुम्ही, तसंच ठेवा. एखादी वस्तू संपली की 'द ऑइल हॅज रन आउट', तेलाच्या जागी गॅस, शुगर, सॉल्ट, काहीही घाला. 'आय विल बी लेट टुमॉरो' म्हणजे उद्या यायला उशीर होईल आणि 'आय कान्ट कम टुमॉरो' म्हणजे उद्या यायला जमणार नाही. हे शेवटचं वाक्य नीट पाठ करा, सुट्टी मागायला लाजायचं काही कारण नाही.

आता कामाचे शब्द. आपण सगळ्यालाच सोलणं म्हणतो, इंग्रजीत बटाट्याचं, काकडीचं साल काढायचं ते 'पील' आणि मटार, शेंगा फोडून आतलं काढायचं ते 'शेल'. लसूण पीलच. चिरणं म्हणजे 'चॉप', बारीक चिरणं 'चॉप फाइनली', गोल चकत्या करणं 'स्लाइस'. खिसणं म्हणजे 'ग्रेट', छान या अर्थाच्या ग्रेटसारखाच उच्चार आहे. तांदूळ निवडणं 'पिक ओव्हर द राइस', डाळ भिजवणं 'सोक', पीठ चाळणं 'सिफ्ट'. भाजणं मात्र सांभाळून वापरा, शेंगदाणे 'रोस्ट', ब्रेड 'टोस्ट', ओव्हनमध्ये केक 'बेक'. उकडण्याचंही तसंच, बटाटे पाण्यात उकडले तर 'बॉइल' आणि मोदक वाफेवर उकडले तर 'स्टीम'. पुरी, भजी तळणं 'डीप फ्राय'. फोडणीला पुस्तकात 'टेम्परिंग' लिहितात, पण मॅडम भारतातल्याच असतील तर 'तडका' म्हणा, लगेच कळेल. कुकरच्या शिट्ट्या म्हणजे 'व्हिसल्स', 'थ्री व्हिसल्स' म्हटलं की झालं.

मॅडमना कधी भाकरी शिकायची असेल तर असं सांगा. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, मळणं म्हणजे 'नीड', स्पेलिंगमधला सुरुवातीचा के बोलायचा नाही. 'नीड द डो वेल', डो म्हणजे मळलेलं पीठ. मग गोळा घेऊन थापायचा, थापणं म्हणजे 'पॅट', 'पॅट इट फ्लॅट विथ युवर हॅण्ड'. लाटण्याला 'रोल' म्हणतात, ते चपातीला, भाकरीला नाही, हे त्यांना ठासून सांगा कारण बाहेरचे लोक भाकरीसुद्धा लाटायला जातात. तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात फिरवायचा, 'वेट द टॉप', पाणी सुकत आलं की उलटायची, 'टर्न इट ओव्हर', आणि शेवटी विस्तवावर टम्म फुगली की 'इट पफ्स अप'. एवढं तुम्ही बोललात की त्या तुमच्याकडनं भाकरी शिकतील आणि तुम्ही त्यांच्याकडनं इंग्रजी.

प्रश्न : आम्ही घरात मुलाशी 'हॅण्ड वॉश कर, मिल्क फिनिश कर, शूज वेअर कर' असं बोलतो. यानं इंग्रजी सुधारतं का? सासूबाईंना हे आवडत नाही.
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : सासूबाई बरोबर आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. अशा बोलण्यानं मुलाला इंग्रजीचे फक्त सुटे शब्द मिळतात, वाक्याचा साचा मराठीचाच राहतो, आणि इंग्रजी अडतं ते साच्यात, शब्दात नाही. वर 'शूज वेअर कर' म्हणता म्हणता पुट ऑनच्या जागी वेअर पक्कं बसतं, ते पुढं काढणं अवघड जातं, आणि तिकडं मराठीतलं 'हात धू, दूध संपव, बूट घाल' हेही सुटतं. म्हणजे दोन्हीकडनं तोटाच. त्यापेक्षा दिवसातली एक वेळ ठरवा, समजा संध्याकाळी खेळून आल्यापासून जेवेपर्यंत, तेवढ्यात अख्खी इंग्रजी वाक्यं बोला, 'टेक ऑफ युवर शूज', 'वॉश युवर हॅण्ड्स', 'फिनिश युवर मिल्क', 'पुट युवर टॉइज अवे'. बाकी वेळ चोख मराठी, आजीशी तर फक्त मराठी. मुलं दोन भाषा वेगवेगळ्या छान सांभाळतात.

प्रश्न : पाट, उंबरा, देवपूजा, रांगोळी यांना इंग्रजीत काय म्हणायचं?
— वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : रांगोळीला रांगोळीच म्हणायचं. पाट म्हणजे 'लो वुडन सीट' असं एकदा समजावून सांगा आणि पुढं पाटच म्हणा. उंबऱ्याला 'थ्रेशोल्ड' हा सरळ शब्द आहे. देवपूजा करते म्हणायला 'आय डू माय पूजा', तुळशीला पाणी घालते म्हणायला 'आय वॉटर द तुळस', इथं वॉटर हेच क्रियापद, झाडांना पाणी घालण्याला तेच.

प्रश्न : माझा मुलगा-सून इंग्लंडमध्ये लीड्सला असतात. नातू तिथंच जन्मला, आता सुट्टीला महिनाभर येणार आहे. मी मास्तर होतो, इंग्रजी वाचता येतं, पण फोनवर त्याचं घरातलं बोलणं नीट समजत नाही. 'टी'ला काय खाल्लंस विचारलं तर सॉसेज आणि बटाटा सांगतो. थोडं सांगावं.
— एक आजोबा, शाहूपुरी

उत्तर : आजोबा, नातू बरोबरच सांगतोय. इंग्लंडच्या उत्तर भागात संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणायची पद्धत आहे, आणि लीड्स तिकडंच येतं. त्यातल्या काही घरांत दुपारच्या जेवणाला 'डिनर' म्हणतात. त्यामुळं तो 'व्हॉट्स फॉर टी?' म्हणाला तर चहाचं आधण ठेवू नका, त्याला भूक लागलीय. चहा हवा असेल तर तिकडं म्हणतात 'पुट द केटल ऑन'.

वेळ सांगताना तो 'हाफ सिक्स' म्हणेल, त्याचा अर्थ साडेसहा, साडेपाच नव्हे. 'हाफ पास्ट सिक्स'मधला 'पास्ट' बोलताना गाळतात एवढंच. 'वॉश अप' किंवा 'डू द वॉशिंग अप' म्हणजे भांडी घासणं, अमेरिकेत मात्र 'वॉश अप' म्हणजे हात-तोंड धुणं, म्हणून सिनेमात ऐकलेलं आणि नातवाचं जुळत नाही. नुसतं 'डू द वॉशिंग' म्हटलं तर कपडे धुणं, वाळत घालणं 'हँग आउट द वॉशिंग', चिमटे म्हणजे 'पेग्ज'. केर काढण्याला आपण 'स्वीप' आणि फरशी पुसण्याला 'मॉप' म्हणतो ते त्याला कळेल, पण तो 'हूवर' म्हणेल, ते खरं तर केर ओढणारं मशीन करणाऱ्या कंपनीचं नाव, तिथं त्याचं क्रियापद होऊन बसलंय, मशीननं केर ओढून घेणं. कचऱ्याला 'रबिश' आणि कचऱ्याच्या डब्याला 'बिन'. अंथरूण आवरायला 'मेक युवर बेड'. आपल्याकडं जमिनीवर गादी घालत असाल तर 'रोल आउट द मॅट्रेस', सकाळी गुंडाळायला 'रोल इट अप'.

त्याला एखादी गोष्ट सांगायची असेल तर 'प्लीज' विसरू नका, तिकडच्या घरांत लहान मुलांशी बोलतानाही ते लावतात, 'पास मी द सॉल्ट, प्लीज', आणि तो तुम्हाला आजोबा म्हणत असेल तर 'ग्रँडपा' वगैरे सुरू करू नका, आजोबाच राहू दे. जेवताना अजून वाढू का विचारायला 'वुड यू लाइक सम मोअर?' आणि पांढरा रस्सा देताना आधी सांगून ठेवा, 'इट्स नॉट व्हेरी स्पायसी', तांबड्याच्या वेळी मात्र 'इट्स व्हेरी स्पायसी' म्हणा आणि शेजारी दह्याची वाटी ठेवा.